गोजराबाईची सरी

इंदिराबाईंनी यशोवर्धनचं बाड उघडलं आणि पहिल्याच ओळीला नाक मुरडलं. 'एकोणीसशे एकोणनव्वदच्या ऑक्टोबरमधल्या त्या सकाळी बंगळूरवर चंदनी गारवा पसरला होता.' चंदनी गारवा! त्यांनी पेन्सिल उचलून समासात लिहिलं, 'गारव्याला वास नसतो.' दुसरी ओळ म्हणत होती, 'खिडकीशी उभ्या असलेल्या नागोजीरावांच्या मनात विचारांचं काहूर माजलं होतं.' तिच्यापुढे त्यांनी लिहिलं, 'खिडकीपुढे कपाट होतं. उभं राहता येत नव्हतं.' काहुराबद्दल मात्र त्या गप्प राहिल्या. एकतीस वर्षं त्या माणसाच्या खोलीबाहेर बसून त्यांना एवढं पक्कं कळलं होतं, की सकाळी अकराच्या सुमाराला नागोजीरावांच्या मनात एकच विचार असे: कोपऱ्यावरच्या हॉटेलातून उद्दिनवडा आला की नाही.

असली चारशे बारा पानं होती. कै. नागोजीराव, दोन वेळा आमदार, अडीच वर्षं राज्यमंत्री, यांचं चरित्र. नागोजीरावांच्या मुलानं वडिलांच्या नावानं प्रतिष्ठान काढलं होतं आणि प्रतिष्ठानानं हा चरित्रकार धरून आणला होता. छापायच्या आधी इंदिराबाईंनी तपशील तपासून द्यावेत, असं ठरलं होतं.

माणसांना कमी लेखण्यात इंदिराबाईंचा हात धरणारं अख्ख्या मल्लेश्वरमात कुणी नव्हतं. घराणं बंगळुरातलं जुनं. कुणी मूळ गाव विचारलं तर त्या म्हणत, "आम्ही साताऱ्याकडून आलो की तंजावराकडून, ते आमचं आम्हांलाच ठाऊक नाही. पण तुमच्या आधी आलो." वडील चिकपेटेत एका दुकानात गजानं कापड मोजायचे. इंदिराबाई टायपिंग आणि शॉर्टहँड शिकल्या आणि चोविसाव्या वर्षी नागोजीरावांच्या ऑफिसात लागल्या. लग्न झालं नाही. दोन स्थळं आली होती. एक जण फार बोलायचा आणि दुसरा आईला विचारल्याशिवाय तोंडच उघडायचा नाही, तेव्हा दोघांनाही कॉफी पाजून परत पाठवलं. आता एकोणसत्तराव्या वर्षी दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या, आणि सकाळी गॅलरीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला मनातल्या मनात नापास करत होत्या.

जगात एकाच गोष्टीबद्दल त्यांना आदर होता. ती म्हणजे स्वतःची वही. नागोजीरावांकडे आलेल्या प्रत्येक माणसाची त्यात एक ओळ असे: नाव, काम आणि उत्तर. उत्तर एका शब्दात. होय, नाही किंवा बघू. वही मराठीत लिहायची, हा नागोजीरावांचा हुकूम, कारण ऑफिसातल्या कानडी कारकुनांना ती कळता कामा नये. इंदिराबाईंना त्याचंही हसू यायचं, कारण त्या ऑफिसात चोरण्यासारखं काही नव्हतंच. पण हळूहळू त्या वहीचा दबदबा झाला. कोण काय म्हणालं यावरून वाद झाला, की दोन्हीकडचे लोक म्हणत, "इंदिराच्या वहीत बघा." आणि वाद तिथेच मिटे. वही खोटं बोलत नाही, हे पक्षातल्या लोकांना ठाऊक होतं, पेठेत ठाऊक होतं. अशा एकतीस वह्या नागोजीरावांच्या मुलानं उचलून यशोवर्धनच्या हवाली केल्या होत्या.

यशोवर्धन पुण्याचा. बायकोच्या नोकरीपायी सहा वर्षं बंगळुरात होता आणि व्हाइटफील्डकडच्या एका उंच इमारतीच्या सतराव्या मजल्यावर राहायचा. सहा वर्षांत तो एकच कानडी शब्द शिकला होता, 'गोत्तिल्ला', म्हणजे माहीत नाही. इतिहासकार म्हटलेलं त्याला पुरत नसे. तो 'नॅरेटिव्ह हिस्टोरियन' होता. दर मंगळवारी येऊन तो टीपॉयवर रेकॉर्डर ठेवी आणि असले प्रश्न विचारी:

"मॅडम, साहेबांच्या खोलीला वास कसला यायचा?"

"फिनेलचा."

"ओके. पण आणखी काही? म्हणजे ॲक्च्युअली, वाचक त्या खोलीत आत यायला हवा."

"वाचकाला आत कशाला आणता? आत जागा नव्हती."

तो हसून लिहून घ्यायचा. काय लिहून घेत होता ते आता बाडात दिसत होतं. फिनेलचं चंदन झालं होतं. "कागदपत्रं म्हणजे हाडं, मॅडम," असं तो एकदा म्हणाला होता. "त्यांच्यावर मांस चढवणं हे आमचं काम." इंदिराबाईंनी त्याला त्याच दिवशी मोडीत काढलं. कॉफी मात्र दर मंगळवारी दिली, कारण कॉफी द्यायला माणसाबद्दल आदर असावा लागत नाही.

एक कबूल करायला हवं. गड्यानं एकतीसच्या एकतीस वह्या वाचल्या होत्या. पानापानांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या, कुठला शब्द कुठे येतो त्याच्या याद्या केल्या होत्या. नेमकी तीच मेहनत चौदाव्या प्रकरणात त्याच्या अंगाशी आली.

त्या प्रकरणाचं नाव होतं 'सरी' आणि ते गोजराबाईंविषयी होतं. गोजराबाई ही चिकपेटेतल्या एका शिंप्याची बायको. नळाला पाणी येत नाही म्हणून शंभर बायकांना रिकाम्या घागरींसकट कॉर्पोरेशनच्या पायऱ्यांवर बसवणारी, आणि पुढे त्याच कॉर्पोरेशनात निवडून गेलेली. एकोणनव्वद साली विधानसभेच्या यादीत पक्षानं आधी तिचंच नाव घातलं होतं. मग ते निघालं आणि नागोजीरावांचं लागलं. नागोजीराव निवडून आले, आणि पुढचे आमदार, मंत्री, कै. वगैरे सगळं त्यातूनच झालं.

यशोवर्धननं लिहिलं होतं: 'सतरा ऑक्टोबरची नोंद दोनच शब्दांची आहे. गोजराबाई – सरी. एकतीस वर्षांच्या डायऱ्यांत हा शब्द पुन्हा कुठेही येत नाही. इतिहासकाराला अशा शब्दापाशी थांबावंच लागतं.' तिथे थांबला असता तरी चाललं असतं. पण तो पुढे चार पानं चालला होता. गोजराबाई उन्हातून येतात. टेबलापाशी उभ्या राहतात. गळ्यातली सोन्याची सरी काढून नागोजीरावांपुढे ठेवतात. "अण्णा, प्रचाराला उपयोगी पडेल." नागोजीरावांचे डोळे भरून येतात, आणि खोलीत अर्धा मिनिट कुणीच बोलत नाही.

इंदिराबाई इतक्या मोठ्यानं हसल्या, की खालच्या मजल्यावरून धनलक्ष्मीनं "एनायितु अक्का?" म्हणून हाक मारली. काय झालं म्हणून काय सांगणार? गोजराबाईच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत असायची आणि तीही दोऱ्यात ओवलेली. तिनं सरी उभ्या जन्मात घातली नव्हती. आणि सरी म्हणजे दागिना, हे पुण्यात! बंगळुरात रिक्षावाल्यापासून न्यायाधीशापर्यंत जो तो दिवसातून शंभरदा 'सरी' म्हणतो. सरी म्हणजे बरं. ठीक. कबूल. सहा वर्षं या गावात राहून ज्याच्या कानांवर एवढंही पडलं नाही, तो एका माणसाचं आयुष्य लिहायला बसला होता.

हसून डोळे पुसले आणि मग इंदिराबाईंच्या ध्यानात आलं की आता त्याला खरा अर्थ सांगावा लागणार. त्यासरशी पेन्सिल त्यांच्या हातातच राहिली.

कारण गोजराबाई सरी म्हणाल्याच नव्हत्या.

त्या दिवशी म्हैसूरकडचे पक्षनिरीक्षक अकरा वाजता यायचे होते. गोजराबाईची संमती असेल तरच नाव बदलू, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. गोजराबाई बहिणीच्या आजारपणासाठी धारवाडला गेलेल्या, आणि तिथे फोन नव्हता. पावणेअकराला नागोजीराव खोलीबाहेर आले, इंदिराबाईंच्या टेबलावर दोन्ही हात टेकले आणि म्हणाले, "इंदिरा, लिही. गोजराबाई, सरी."

इंदिराबाईंनी विचारलं होतं, "होय लिहू का? वहीत मी होय लिहिते."

"होय त्यांना कळायचं नाही. त्यांना मराठी येत नाही, पण हिंदी वाचतात, लिपी तीच. सरी लिही, म्हणजे वाचलं की कळेल."

तेवढाच एक प्रश्न त्यांनी विचारला. ती सरी म्हणाली का, हे विचारलं नाही. शब्द कुठला घालायचा एवढंच विचारलं, आणि वळणदार अक्षरात घातला. निरीक्षकांनी त्या ओळीवर बोट ठेवून 'सरी' वाचलं, "इंदिराबाईंच्या वहीत आहे म्हणजे झालं," असं म्हणाले आणि उद्दिनवडा खाऊन गेले.

चार दिवसांनी गोजराबाई धारवाडहून परत आल्या, त्या थेट ऑफिसातच. "मी कधी सरी म्हणाले?" असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. नागोजीरावांनी वहीकडे बोट दाखवलं. इंदिराबाई टाइपरायटरमधला कागद सरळ करत राहिल्या. त्यानंतर गोजराबाईंनी पक्ष सोडला, आणि पुढे त्यांचं नाव कुठे आलं नाही.

पस्तीस वर्षं इंदिराबाईंनी नागोजीरावांना मनातून यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. हलकट, भित्रा, खादाड. स्वतःचा हिशेब त्यांनी एका वाक्यात उरकला होता: मी नुसती लिहिणारी. आता बाड मांडीवर घेऊन त्यांनी ते वाक्य मनाशी म्हणून पाहिलं, आणि त्याचीच त्यांना किळस आली. यशोवर्धननं निदान अडाणीपणानं खोटं लिहिलं होतं. त्यांनी अक्षर घोटून लिहिलं होतं. आणि ज्या बाईचं तिकीट चोरलं, ती बाई आता पुस्तकात त्याच चोरापुढे सोनं काढून ठेवणार होती. गोजराबाई जिवंत होत्या. जयनगरला नातीकडे राहत होत्या.

त्यांनी यशोवर्धनला बोलावून घेतलं. मंगळवार नव्हता, तरी तो धावत आला.

"सरी म्हणजे दागिना नव्हे," इंदिराबाई म्हणाल्या. "कानडीत सरी म्हणजे बरं. कबूल."

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. त्या क्षणी इंदिराबाईंना तो थोडासा आवडला. पण पुढच्याच क्षणी त्याचे डोळे चमकले.

"म्हणजे त्या हो म्हणाल्या! स्वतःचं तिकीट स्वतःहून सोडलं! मॅडम, हे तर कितीतरी मोठं आहे. सरी वगैरे विसरा. एका शिंप्याची बायको आपली उमेदवारी आपल्या नेत्याच्या चरणी..."

"चरणी काय? चरणी काय घालता?" इंदिराबाई कडाडल्या. "ती हो म्हणाली नव्हती. ती गावातच नव्हती. साहेबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. खोटं लिहिलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. धारवाड, निरीक्षक, होय की सरी हा प्रश्न, सगळं. सांगून झाल्यावर यशोवर्धननं चष्मा काढून पुसला आणि फार मऊ आवाजात बोलू लागला. त्या मऊपणानंच इंदिराबाईंचं पित्त खवळलं.

"मॅडम, तुमच्या भावनांचा मला आदर आहे. पण मेथड म्हणून सांगतो. एका बाजूला त्याच दिवशी लिहिलेली नोंद आहे, दुसऱ्या बाजूला पस्तीस वर्षांनंतरची आठवण. नोंदीचं वजन जास्तच धरावं लागतं."

"अहो, नोंद मीच लिहिली!"

"तेच म्हणतोय मी. तेव्हाच्या इंदिराबाईंना तेव्हाचं ठाऊक होतं. आताच्या इंदिराबाई..." त्यानं वाक्य अर्धवट सोडलं. "वय झालं की जुन्या मैत्रिणीबद्दल अपराधी वाटतं. ओरल हिस्टरीत हे आम्ही नेहमी बघतो."

"मग गोजराक्कांना विचारा की!"

"विचारलंय ना. मार्चमध्ये फोन केला होता. त्या म्हणाल्या, 'इंदिराच्या वहीत काय आहे ते लिहा.' एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी ते कन्फर्मेशन म्हणून धरलंय."

यशोवर्धननं मान खाली घातली, आणि तो प्रथमच पुस्तकी भाषा सोडून बोलला. "मॅडम, सगळं पुस्तक तुमच्या वहीवर उभं आहे. तिच्यात एकही खोटी नोंद सापडत नाही, असं मी प्रस्तावनेत लिहिलंय. ही एक खोटी म्हणालो, तर बाकीच्या एकतीस वर्षांचं मी काय करू? फार तर तळटीप देतो. 'इंदिराबाईंना आता वेगळं आठवतं,' अशी."

तो गेल्यावर त्याची कॉफी तशीच राहिलेली दिसली. इंदिराबाईंनी ती मोरीत ओतली. वेगळं आठवतं! या दीडशहाण्याला त्या बोटं मोडून मोडून शिव्या देत होत्या, पण त्याचं उत्तर कुठे चुकलं ते काही त्यांना सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी संपिगे रोडवर मेट्रो धरली आणि जयनगरला उतरल्या. गोजराबाई चौऱ्याऐंशीच्या होत्या. नात कामावर गेली होती आणि त्या दाराशीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर ताट, ताटात भिजवलेले अवरेचे, म्हणजे पावट्याचे, दाणे. एकेक दाणा चिमटीत दाबून त्या सालं काढत होत्या.

"ये गे इंदिरा. स्वल्प सरकून बस, ऊन येतं तिथं."

इंदिराबाईंनी बसल्या बसल्याच सांगून टाकलं. प्रस्तावना त्यांना जमत नसे. त्या दिवशी काय झालं, कुणी काय सांगितलं आणि आपण काय लिहिलं. गोजराबाईंचे हात थांबले नाहीत.

"हे सांगायला मल्लेश्वरमाहून आलीस काय? मी सरी म्हणाले नाही, ते मला ठाऊक व्हायला तुझी वही लागते?"

"मी त्याला खरं सांगितलं, अक्का. तो ऐकत नाही. वहीत आहे म्हणतो."

"बरोबर म्हणतो. मला पण सगळे तेच म्हणाले."

"आपण दोघी मिळून जाऊ. तुम्ही पण सांगा त्याला. मी लिहून देते, सही करते. पुस्तक थांबवायला लावते."

"छापू दे गे ते पुस्तक. मला काय करायचंय. नागोजीची आरती कुणी वाचत नाही." गोजराबाईंनी सालं ताटाच्या कडेला सारली. "तिकिटाचं मी कधीच सोडून दिलं. धारवाडहून आले, घरात पाऊल टाकलं, आणि आमच्या ह्यांनी विचारलं, मला न विचारता सरी म्हणालीस? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, इंदिराच्या वहीत आहे. मी देवावर हात ठेवला. तरी म्हणाले, इंदिराच्या वहीत आहे. भांडले नाहीत कधी. पण मी काही सांगितलं की मान हलवायचे नुसती. अठरा वर्षं. भाजीवाला आला होता म्हटलं तरी दाराकडे बघून खात्री करून घ्यायचे."

इंदिराबाईंना हे ठाऊक नव्हतं. सगळ्या पेठेची बित्तंबातमी एका ओळीत लिहिणाऱ्या बाईला हे ठाऊक नव्हतं.

"ते दवाखान्यात होते तेव्हा तू आली होतीस," गोजराबाई म्हणाल्या.

"आले होते."

"जायच्या दोन दिवस आधी. शुद्धीवर होते. मी औषध आणायला खाली गेले आणि तू त्यांच्यापाशी बसलीस. काय बोलले तुझ्याशी?"

इंदिराबाईंना एकेक शब्द आठवत होता. आठवत नाही म्हणायची सोय त्यांनी स्वतःच घालवली होती. "म्हणाले, इंदिरा, तुझ्यासारखं खरं लिहिणारं माणूस मी पाहिलं नाही."

गोजराबाईंचे हात पहिल्यांदाच थांबले. त्यांनी मान वर करून इंदिराबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर इंदिराबाईंना बरं वाटलं असतं. तिथे नुसती तुच्छता होती.

"मग तू काय म्हणालीस?"



"थँक्यू म्हणाले," इंदिराबाईंनी सांगितलं.

गोजराबाईंनी ताट उचललं आणि त्या आत निघून गेल्या.